हात खाली जातो तो खड्यामुळे नव्हे

ताकद आणि तोल वाढवतो असं सांगून खेळाडूंना स्फटिकाचा खडा विकणारा आधी खडा दाखवत नाही, आधी तो 'टेस्ट' घेतो. फसवणूक होते ती तिथेच. त्यानंतरचं सगळं फक्त बिल.

ही टेस्ट स्पर्धेच्या मैदानाबाहेर, जिममध्ये, शिबिरात, कुठेही उरकता येते. तुम्हाला एका पायावर उभं करतात, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे. विक्रेता मनगटावर दोन बोटं ठेवून दाबतो आणि तुम्ही कलंडता. मग हातात ब्रेसलेट येतं किंवा खिशात खडा जातो. तो पुन्हा दाबतो, या वेळी तुम्ही खांबासारखे उभे. बघणारे टाळ्या वाजवतात आणि पाकीट उघडतं.

झालेलं असतं ते असं. पहिल्या वेळी दाब खाली आणि किंचित बाहेर, म्हणजे शरीरापासून दूर दिलेला असतो. टेकलेल्या पावलाच्या बाहेर तोल गेला की कुणीही पडेल. दुसऱ्या वेळी दाब खाली आणि किंचित आत, पावलाच्या दिशेने येतो. त्याने तोल ढळत नाही, उलट माणूस जागी रुतल्यासारखा होतो. दिशेतला हा फरक बघणाऱ्याला दिसत नाही. दाबणाऱ्यालाही तो नेहमी कळतो असं नाही. काही विक्रेते स्वतः मनापासून फसलेले असतात, आणि तेच जास्त पटवून देतात.

हात समोर ताठ धरायला लावून तो खाली दाबण्याची चाचणी तरफेवर चालते. खांद्यापासून मनगट साधारण ५५ सेंटिमीटर, कोपर ३० सेंटिमीटर धरू. ४ किलोचा दाब मनगटावर दिला तर खांद्याला २२० किलो-सेंटिमीटरचा भार पेलावा लागतो, कोपराजवळ दिला तर १२०. बोटं जेमतेम वीतभर आत सरकली की भार जवळपास निम्मा. शिवाय पहिल्यांदा दाब अचानक येतो, दुसऱ्यांदा आधी 'तयार?' असं विचारलं जातं. तिसरी चाचणी कंबर वळवण्याची: हात लांब करून मागे वळा, बोट कुठवर पोचतं ते बघा. दुसऱ्या खेपेला ते पुढेच जातं, कारण अंग मोकळं झालेलं असतं आणि ओलांडायची खूण डोळ्यांसमोर असते. यावर एवढंच म्हणा, 'आधी खडा घेऊन करू, मग खडा काढून करू.' क्रम उलटला की बहुतेक वेळा चमत्कारही उलटतो.

पक्की परीक्षा करायची तर दोन एकसारखे जाड मोजे घ्या. एकात खडा, दुसऱ्यात त्याच वजनाचा रस्त्यावरचा दगड. कुठला मोजा द्यायचा ते तिसऱ्या माणसाने दुसऱ्या खोलीत नाणं उडवून ठरवायचं आणि कागदावर लिहून ठेवायचं. दाबणाऱ्याला माहीत नको, खेळाडूलाही नको. असं १० वेळा करा, दर वेळी खडा होता की दगड ते सांगा आणि शेवटी कागद उघडा. निव्वळ अंदाजाने सरासरी ५ बरोबर येतात. ९ किंवा जास्त येण्याची शक्यता जेमतेम १ टक्का. विक्रेता बहुधा नकार देतो. 'संशयाने ऊर्जा अडते' हे वाक्य ऐकलं की तिथून निघा.

अशी तुलना संशोधकांनीही केली आहे. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमधले मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी २००१ मध्ये ८० जणांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. काहींच्या हातात खरा क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीच्या जातीचा स्फटिक होता, काहींच्या नकली. ऊब, झिणझिण्या, उत्साह या संवेदना दोन्ही गटांत सारख्याच. काय जाणवेल ते आधी सांगितलं की मात्र त्या जास्त जाणवत. याच टेस्टच्या जोरावर खपलेल्या पॉवर बॅलन्स या मनगटी पट्ट्याच्या ऑस्ट्रेलियातल्या कंपनीला, तिथल्या ग्राहक आयोगाच्या कारवाईनंतर, डिसेंबर २०१० मध्ये मान्य करावं लागलं की दाव्यांना विश्वासार्ह वैज्ञानिक पुरावा नाही. तोवर नामांकित खेळाडूंच्या मनगटांवर तो झळकून गेला होता.

'घड्याळात क्वार्ट्झ चालतो, मग शरीरात का नाही?' हा प्रश्न हमखास येतो. घड्याळातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, पण बॅटरी त्याला हलवते म्हणून. बॅटरी काढली की तो गप्प. खिशातल्या खड्याला कुणी वीज देत नाही.

आता प्रमाणपत्राची मेख. सोबत लॅबचा कागद मिळतो: 'नैसर्गिक क्वार्ट्झ'. कागद खरा असू शकतो. पण लॅबने खडा कशाचा आहे ते सांगितलं, तो काय करतो ते नाही. गिऱ्हाईक मात्र दोन्ही वाचतं.

अनेकदा खडाही तो नसतो. ओपलाइट आणि गोल्डस्टोन ही सरळ काच आहे. 'सुनेला' (सिट्रीन) या पिवळ्या खड्याच्या नावाने विकला जाणारा बराचसा माल म्हणजे भाजून पिवळा केलेला जमुनिया, मूळचा जांभळा खडा. फिरोजा म्हणून निळ्या रंगात बुडवलेला हाउलाइट हा पांढरा खडा येतो. नेलपॉलिश रिमूव्हर लावलेला कापूस घासला तर रंग सुटू शकतो, नाहीतर घामाने टी-शर्टवर उतरतो. दहापट भिंगाखाली गोल बुडबुडे दिसले तर काच समजा. क्वार्ट्झ काचेवर ओरखडा काढतो, काच क्वार्ट्झवर काढत नाही. चुंबकाला कडकन चिकटणारे 'हेमॅटाइट' मणी कारखान्यात बनतात. खरं हेमॅटाइट इतकं चिकटत नाही.

हेमॅटाइटवरून आठवलं ते जास्त गंभीर आहे. 'यात लोह आहे, रक्त वाढतं' असं सांगून तो सतत दमणाऱ्या धावपटूंना, विशेषतः मुलींना, विकला जातो. त्यात लोह आहे हे खरं, वजनाच्या सुमारे ७० टक्के. पण मण्यातलं लोह कातडीतून रक्तात जात नाही. दम लागणं, वेळ घसरणं, पाय जड होणं यासाठी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. तसंच नडगीचं. हाडावर बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दुखत असेल, रात्री किंवा बसल्या जागीही ठणकत असेल, तर ते स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेली भेग असू शकतं. त्यावर खडा बांधून सराव चालू ठेवला तर बारीक भेग पूर्ण फ्रॅक्चरपर्यंत जाऊ शकते.

खडा घातलेली पाण्याची बाटली टाळाच. मॅलाकाइट या हिरव्या खड्यात तांबं असतं आणि आंबट स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये ते विरघळतं. सेलेनाइट साध्या पाण्यातही विरघळतो. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग, त्याला पाण्याजवळही नेऊ नका. 'निगेटिव्ह आयन' (म्हणे तब्येत सुधारणारे विद्युतभारित कण) लिहिलेल्या पट्ट्या आणि लॉकेटं यांचा धोका वेगळा. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा संस्थेने अशा धर्तीच्या १० वस्तूंमध्ये किरणोत्सर्ग आढळल्याने त्या वापरू नका असं सांगितलं. त्यांत ब्रेसलेट होती, झोपताना डोळ्यांवर लावायचा मास्कही होता. अशी वस्तू फोडून बघू नये, बंद करून बाजूला ठेवावी.

टेनिस-बॅडमिंटनमध्ये सर्व्हिसआधी मुठीत खडा धरून दोन खोल श्वास घेतल्याने कुणाला बरं वाटत असेल, तर वाटू दे. काम श्वास करतो. फुटबॉलमध्ये मात्र दागिने काढावेच लागतात, वर टेप चिकटवूनही चालत नाही. रेफरी ब्रेसलेट उतरवायला लावतो आणि ज्याने मन त्यावर टांगलं आहे तो सामन्याआधीच हादरतो.

पैसे देऊन झाले असतील तर पहिल्याच दिवशी जाहिरातीतल्या दाव्यांचे स्क्रीनशॉट घ्या, नंतर ती वाक्यं गायब होतात. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ ठेवा. परताव्याची मागणी फोनवर नको, लेखी करा. 'चार्जिंग', 'शुद्धीकरण' अशा नावाने दरमहा पैसे कापायची परवानगी दिली गेली असेल तर ती बँकेच्या अ‍ॅपमधून रद्द करा, विक्रेत्याच्या भरवशावर राहू नका. खड्यात तुमची ऊर्जा उतरली आहे म्हणून परत घेता येत नाही, असं उत्तर आलं तर तेही लेखीच मागून घ्या. ग्राहक तक्रारीला जोडायला ते कामाला येतं.