जुन्या गाडीच्या एसी व्हेंटमध्ये झालेली फसवणूक, तुटकी जाळी एक्सचेंजमध्ये देऊ नका

ज्यांच्याकडे डब्ल्यू १२४ (मर्सिडीजची जुनी ई-क्लास) किंवा कुठलीही जुनी गाडी आहे आणि डॅशबोर्डवरच्या एसीच्या जाळ्या तुटल्यात त्यांनी हे पूर्ण वाचा, पुण्यात हा प्रकार अजून चालू आहे. जाळी बदलायला गेलात आणि समोरचा म्हणाला की जुनी इथेच ठेवा, तेवढे पैसे कमी करतो, तर ठेवू नका. नवीन म्हणून काय गळ्यात मारतात ते सांगतोच, पण त्यांचा खरा डोळा तुमच्या तुटक्या जाळीवर असतो.

गाडी बाबांची, १९९६ ची ई २२०. मर्सिडीजने भारतात गाड्या बनवायला सुरुवात केली ती याच मॉडेलने, १९९५ ला, पिंपरीत टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) आवारात (चाकणचा प्लँट खूप नंतरचा, २००९ चा). म्हणजे गाडी इथेच जोडलेली, आणि तिचा हाताएवढा प्लास्टिकचा पार्ट इथे मिळत नाही. ब्रेक, सस्पेन्शन, इंजिनचं सामान शोधलं की मिळतं, पण डॅशबोर्डचं प्लास्टिक फार अवघड. जाळीच्या पट्ट्या दोन्ही टोकांना बारीक पिनांवर फिरतात, इतकी वर्षं उन्हात तापून ते प्लास्टिक ठिसूळ होतं आणि एक दिवस हवेची दिशा बदलायला बोट लावलं की पिन तुटते आणि पट्टी लोंबायला लागते. आमच्या मधल्या जाळीच्या बऱ्याच पट्ट्या गेलेल्या, चौकट मात्र धडधाकट होती.

नाना पेठेत चौकशी केली, जुन्या बाजारात रविवारी बघितलं, काही नाही. मग ओळखीतून एकाचा नंबर मिळाला, जुन्या जर्मन गाड्यांचे पार्ट ठेवतो म्हणून. फोनवर बोलायला एकदम गोड, "काका, डीलरकडचा जुना स्टॉक आहे, पेटीपॅक, ओरिजनल." मी व्हिडिओ मागितला, मागची बाजू दाखव म्हणलं, त्याने दाखवली. मागे साच्यातच उठलेला मर्सिडीजचा तारा, ए १२४ ने सुरू होणारा पार्ट नंबर, सगळं स्पष्ट. किंमत १८ हजार, आणि जुनी जाळी दिली तर १५. वर म्हणाला फिटिंग मीच करून देतो, मधली जाळी काढायला आजूबाजूचं बरंच उघडावं लागतं, दुसऱ्या कुणी जोर लावला तर डॅशला तडा जाईल. हे पटण्यासारखंच आहे, खरंच तडा जातो.

आता यातली गोम बघा. फिटिंग तो करणार म्हणजे पार्टची मागची बाजू तुमच्या हातात येतच नाही. मी गाडीपाशी उभा होतो, त्याने सीलबंद पाकीट दाखवलं, होलोग्रामचं स्टिकर दाखवलं, फोडलं आणि पोराने लगेच आत बसवून टाकलं. समोरून बघितलं तर काळा मॅट रंग, पट्ट्या मऊ फिरतायत, बाबा तर इतके खूश झाले की तिथेच एसी लावून बसले. पैसे यूपीआयने दिले, पक्कं बिल मागितलं तर एस्टिमेटच्या कागदावर लिहून दिलं आणि जीएसटीचं बिल व्हॉट्सअपवर पाठवतो म्हणाला. ते कधीच आलं नाही.

एप्रिलमध्ये गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली आणि संध्याकाळी बघतो तर पट्ट्या मधे खाली वाकलेल्या, मेणासारख्या. भोसरीत माझ्या मित्राचं प्लास्टिक मोल्डिंगचं युनिट आहे, त्याच्याकडे गेलो, त्याने जाळी बाहेर काढली, मागून जरा घासली आणि रंगाखालून बारीक बारीक थर दिसायला लागले. थ्रीडी प्रिंट! वर प्रायमर आणि रंग मारून थर लपवलेले. मित्राने एक पट्टी चहाच्या पाण्याएवढ्या गरम पाण्यात धरली, ती लगेच वाकली. म्हणाला हे पीएलए आहे, प्रिंटिंगचं सगळ्यात स्वस्त प्लास्टिक, ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, आणि पुण्याच्या उन्हात काच बंद असलेल्या गाडीचा डॅश त्याच्या वर सहज जातो. एबीएस नावाचं प्लास्टिक १०० च्या आसपास टिकतं. प्रिंट केलेला पार्ट वाईटच असतो असं नाही, एबीएस किंवा त्याच्यासारख्याच एएसए प्लास्टिकमध्ये नीट केलेला आणि प्रिंट म्हणूनच विकलेला असेल तर मी स्वतः घेईन. पण हा ओरिजनल म्हणून विकला, ते पण १५ हजाराला.

त्याला फोन केला तर आधी "काका तुम्ही उन्हात लावलीच कशाला", मग म्हणे गॅरंटी नव्हती. मी म्हणलं पैसे राहू दे, माझी जुनी जाळी परत दे. तर म्हणाला ती भंगारात गेली. मग फोन उचलणं बंद.

ती भंगारात गेलेली नाही. मित्राने सांगितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, या पार्टमध्ये दुर्मिळ असते ती चौकट आणि मागचा झडपेचा भाग, पट्ट्यांना तर बारीक भोक पाडून स्टीलच्या तारेची पिन घालता येते. दोन तुटक्या जाळ्यांतून एक चांगली तयार होते. आपण ३ हजारात जे देऊन येतो ते त्याच्या दुकानातला सगळ्यात महाग माल असतो, आणि तुमच्याकडे मात्र माप घ्यायला नमुनासुद्धा उरत नाही. मला याचाच सगळ्यात जास्त राग आहे. पैसे गेले ते गेले, पण बाबांनी इतकी वर्षं जपलेल्या गाडीचा अस्सल भाग गेला.

तेव्हा पार्ट आधी हातात घ्या, मागून बघा, मग बसवू द्या, मेकॅनिक तुमचा असू दे. मोल्ड केलेल्या पार्टवर बहुतेक वेळा मटेरियलची खूण असते आणि महिना-वर्ष दाखवणारी छोटी गोल तबकडी असते, प्रिंटवर हे येत नाही. पाकिटावरच्या नंबरला काही अर्थ नाही, स्टिकर कुणीही छापतं. कागद कच्चा असला तरी त्यावर "ओरिजनल" हा शब्द लिहून घ्या, मी घेतला होता आणि तोच आता कामाला येतोय. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून केस टाकतोय, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत २ वर्षं असते. व्हिडिओ, चॅट, यूपीआयची पावती, वाकलेली जाळी, सगळं ठेवलंय.

आणि एक. कोथरूडच्या एका डब्ल्यू १२४ वाल्यांना याच माणसाने नुकताच व्हिडिओ पाठवला, त्यांनी मला दाखवला, त्यात जाळीच्या मागे डाव्या कोपऱ्यात पितळेची छोटी पट्टी रिव्हेट केलेली दिसते. आमच्या जाळीचा तिथला तुटका कान, म्हणजे ती अडकवायचा भाग, बाबांनी स्वतः तसा दुरुस्त केला होता. म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला आता आमचीच जाळी वापरतोय. तुम्हाला कुणी असा व्हिडिओ पाठवला आणि कोपऱ्यात पितळ दिसलं, तर पैसे देऊ नका, व्हिडिओ सेव्ह करा आणि मला कळवा, केसमध्ये जोडायचा आहे.