मारुती मंदिरजवळचं फॉर्मवालं दुकान : फेलोशिपच्या अर्जाला कितपत कामाचं?

दुकानाचं नाव मुद्दाम देत नाहीये. तुमच्याबद्दल लिहितेय असं दुकान चालवणाऱ्या काकांना सांगितलं तर म्हणाले, "लिवा मॅडम, पण नाव घालू नकात. आदीच रांग काय कमी आसा?" काका मूळचे मालवणकडचे. उभं आयुष्य रत्नागिरीत गेलं, तरी बोलणं काही बदललं नाही. मारुती मंदिरच्या सर्कलपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर तळमजल्याचा गाळा, दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि पावसाळ्यात पुढे बांधलेली निळी ताडपत्री. इथं शिकलेल्यांना एवढ्यावर पत्ता कळला असेल.

बोर्डावर 'झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म' एवढंच लिहिलंय. खरं गिऱ्हाईक सातबाऱ्याचं, पॅनकार्डाचं आणि बोटीवर जाऊ बघणाऱ्या पोरांच्या पासपोर्टचं. नेट ह्या पात्रता परीक्षेतून मिळणारी जेआरएफ, सारथी आणि महाज्योती ह्या राज्याच्या संस्था, सामाजिक शास्त्रांची आयसीएसएसआर, असले फेलोशिपचे, म्हणजे संशोधन करताना दरमहा मिळणाऱ्या पैशांचे, अर्ज घेऊन येणारे आम्ही त्यातले किरकोळ. तरी घरी लॅपटॉप आणि वायफाय असून मी इथं जाते.

मी अर्थशास्त्रात पीएचडी करतेय. भाट्याच्या खाडीत ओहोटीला तिसऱ्या, मुळे असले शिंपले काढणाऱ्या बायकांची कमाई हा विषय. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे तास झाला तर पैसे, आणि सुट्टीत सगळाच आनंद. त्यामुळे फेलोशिपचा मानबिन नंतर, माझ्यासाठी तो आधी खाडीवर जायचा रिक्षाखर्च आहे.

काकांची पहिली रीत अशी की पैसे घ्यायच्या आधी जाहिरात वाचायला लावतात. मोबाइलवर नाही, कागदावर. ते स्वतःच प्रिंट काढतात, पात्रतेच्या ओळींवर पिवळा मार्कर फिरवतात आणि समोर सरकवतात. त्या प्रिंटचे पैसे लावतात, ते द्यावेत. मी बसलेले असताना एकतिशीचा, खुल्या प्रवर्गातला एक मुलगा नेटचा फॉर्म भरायला आला. त्याला जेआरएफच हवी होती. जेआरएफला वयाची अट ३० वर्षांची. महिला, ओबीसी, एससी, एसटी, दिव्यांग यांना ५ वर्षांची सूट. ह्याला ती लागू नाही. कुठल्याही दुकानात त्याला घाईघाईत फॉर्म भरून मोकळं केलं असतं. काकांनी त्याला सांगितलं की सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला वयाची अट नाही, आणि २०२४ पासून नेटचे गुण पीएचडीच्या प्रवेशालाही धरतात, तेव्हा परीक्षा दे, पण कशासाठी देतोयस ते कळून दे. मुलगा थोडा हिरमुसला, पण योग्य ठिकाणी टिक करून गेला.

जेआरएफचं आकर्षण समजण्यासारखं आहे. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफ ही वरची पायरी मिळाल्यावर ४२,००० रुपये, वर घरभाडे भत्ता. विज्ञानवाल्यांच्या सीएसआयआरचंही तेवढंच. त्यापुढे आमच्या सामाजिक शास्त्रांतली आयसीएसएसआरची पूर्णवेळ डॉक्टरल फेलोशिप महिना २०,०००, आणि किरकोळ खर्चाला वर्षाचे २०,०००. पण तिला नेटसारखी परीक्षा नाही, तुमचा प्रस्ताव बघतात. मला ते जमण्यासारखं वाटलं. मात्र फेलोशिप घेताना दुसरीकडे पगारावर काम करता येत नाही, म्हणजे तास सोडावे लागणार. हा हिशेब घरी बसून करावा, काउंटरवर नाही.

कोणती संस्था कुणासाठी, हा घोळ इथं रोज चालतो. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती, आदिवासींसाठी टीआरटीआय. ऐकायला सोपं आहे. पण आपल्या जिल्ह्यात कुणबी समाज मोठा, आणि कुणबी ओबीसीतही येतात, तेव्हा 'सारथी की महाज्योती' हा प्रश्न घेऊन येणारी पोरं खूप. ओबीसीतल्या भंडारी समाजातली मुलं तर मित्राने भरला म्हणून सारथीचाच फॉर्म उघडून बसलेली असतात. काका इथं ठाम असतात. आधी दाखला काढ, दाखल्यावर जात काय लिहिलीय ते वाच, मग त्या वर्षाच्या जाहिरातीत लाभार्थी कोण ते वाच. त्यांचं अंदाजपंचे उत्तर मी कधी ऐकलेलं नाही.

दुकानाची खरी करामत कागदपत्रांत आहे. बाई काउंटरवर आली की पहिला प्रश्न, "नाव लग्नाआधीचा की नंतरचा?" दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि माहेरचं, आधारवर नवऱ्याचं नाव मध्ये, पीएचडीच्या नोंदणीपत्रावर तिसराच प्रकार, आणि बँकेत बाई कुणीतरी चौथीच. पोर्टलला हे काही समजत नाही. त्याला दोन ठिकाणची अक्षरं जुळली पाहिजेत. विवाह नोंदणीचा दाखला चालतो की राजपत्रात नावबदल करावा लागेल, ते त्या-त्या जाहिरातीवर ठरतं. राजपत्राला वेळ लागतो, म्हणून काका अर्जाच्या कितीतरी आधी बायकांना ते करून ठेवायला सांगतात. माझ्या एका मैत्रिणीला ह्याचा राग आला होता, "त्यांना काय करायचंय माझ्या सासरच्या नावाशी?" म्हणून. राग बरोबरच आहे, फक्त तो पोर्टलवर काढायला हवा.

दुसरं, नॉन-क्रीमिलेअर. राज्याच्या कामांसाठी काढलेला दाखला केंद्राच्या परीक्षेला चालेल असं समजून चालणारे पुष्कळ. केंद्राचा नमुना वेगळा आणि जातींची यादीही केंद्राची बघावी लागते. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा, दाखला आर्थिक वर्षापुरता असतो, त्यामुळे मार्चमध्ये काढलेला एप्रिलमध्ये जुना. ह्या दोन गोष्टी काकांनी दुकानाच्या भिंतीवर जाड अक्षरात लिहून लावल्यात, तरी त्यांना रोज तोंडानं सांगाव्या लागतात.

तिसरं, बँक. सरकारी पैसा थेट खात्यात येतो तो आधारला जोडलेल्या खात्यात. आपल्याकडे घरटी एक पतसंस्थेचं खातं असतं आणि मंडळी तेच लिहून देतात. ते चालत नाही. आणि राष्ट्रीयीकृत बँकेत खातं असलं तरी आधार भलत्याच, कधीतरी एखाद्या योजनेसाठी उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्याला जोडलेला निघतो. काकांची सून दुसऱ्या कॉम्प्युटरवर असते, ती हे आधी तपासून देते. वहिनी बोलतात कमी, पण फोटो आणि सही हव्या तेवढ्या केबीत बसवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. सही काळ्या शाईने, कोऱ्या कागदावर, त्यांच्यासमोर करायची. घरून आणलेली सही त्या परत करतात.

आता एक गोष्ट, जी मराठीत संशोधन करणाऱ्यांनाच कळेल. माझा विषयाचा आराखडा मी मराठीत लिहिला होता आणि तो टाइप करून घेतला होता जुन्या फॉन्टमध्ये. पोर्टलच्या चौकटीत चिकटवला की मराठीच्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. मराठी आणि इतिहास विभागातल्या कितीतरी जणांचं सगळं काम अजून श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये अडकलेलं आहे. वहिनी ते युनिकोडमध्ये बदलून देतात, आणि नुसतं बदलून थांबत नाहीत, बदलताना फुटणारे रफार आणि जोडाक्षरं बघून देतात. पानाला दर थोडा जास्त आहे. माझ्या मते ह्या दुकानातलं सगळ्यात वाजवी काम हेच.

प्रस्ताव मात्र इथं लिहून मिळत नाही, आणि मिळू नये. काकांना कुणी विचारलं तर ते सरळ नाही म्हणतात. बाहेर मात्र हा धंदा जोरात आहे. पुण्याकडच्या एका एजंटाने आमच्या ओळखीच्या दोघांना एकच आराखडा विकला, फक्त गुहागरच्या जागी दापोली घातलं. दापोलीवाल्याच्या आराखड्यात गुहागरचं वेळणेश्वर तसंच राहिलं होतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी कारवाई आहे. आणि ते सोडा, मुलाखतीत 'तुमचं क्षेत्र कुठलं' असं विचारल्यावर काय सांगणार?

काकांनी माझ्या प्रस्तावाला हात लावला नाही, पण शब्दमर्यादेत बसवताना एक प्रश्न विचारला. "ह्या सगळा ठीक. पण पैसे मिळाल्यार तुमी करतलात काय?" मी प्रस्तावात खाडीचं महत्त्व, बायकांचं योगदान, आधीच्या अभ्यासांतल्या उणिवा, सगळं भरलं होतं. किती वाड्यांत, किती बायकांना, कोणत्या महिन्यांत, भरती-ओहोटीचं गणित सांभाळून काय विचारणार, हे शेवटच्या परिच्छेदात कोंबलेलं होतं. ते वर आणलं. गाइडनीही नंतर हेच बरं म्हटलं. असला प्रश्न विचारायला अर्थशास्त्र यावं लागत नाही, उलट न येणाराच तो चांगला विचारतो.

तारखांची वही काकांकडे नाही, भिंतीवरचं कॅलेंडर आहे. त्यावर शेवटच्या तारखा खऱ्या तारखेच्या तीन दिवस आधीच्या चौकटीत लिहितात, कारण शेवटच्या दिवशी सर्व्हर बसतो आणि पावसाळ्यात लाईट. इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चालतो. आणि गणपतीत दुकान बंद. कडकडीत बंद, काका गावी. शेवटची तारीख भाद्रपदात असेल तर दिल्लीला आपल्या आरत्यांचं काही पडलेलं नसतं, तेव्हा अर्ज श्रावणातच उरकावा. शिमग्याला पालखी गावात आली की तेच.

तक्रार एकच आहे, पण मोठी. इथं येणाऱ्या बऱ्याच मुलांचा ईमेल आणि पासवर्ड दुकानातच तयार होतो आणि दुकानातल्या वहीतच राहतो. काकांच्या मनात काही वाईट नाही, मुलं विसरतात म्हणून ते लिहून ठेवतात. पण त्रुटीची सूचना ईमेलवर येते, ती दुरुस्त करायला मोजके दिवस असतात, आणि त्या मुलाने तो ईमेल स्वतःच्या फोनवर कधी उघडलेलाच नसतो. घाईत दुकानाचा मोबाइल नंबर टाकलेलेही मी पाहिलेत. फेलोशिप चालू झाल्यावरही हजेरी, प्रगती अहवाल, दावा हे सगळं त्याच लॉगिनवर येणार. मी काकांना हे बोलले. त्यांनी मान हलवली, वही मात्र तिथंच आहे. तुम्ही जाल तेव्हा ईमेल आपला, नंबर आपला, पासवर्ड आपण टाइप करायचा आणि वहीत लिहू द्यायचा नाही.

दुसरी तक्रार नाही, मर्यादा आहे. कॉलेजातल्या कायम शिक्षकांसाठीची प्रकल्प-अनुदानं इथं विचारू नका. आमच्या प्राणिशास्त्राच्या सहकारी एसईआरबी ह्या केंद्राच्या विज्ञान-संशोधन मंडळाच्या 'शुअर' योजनेसाठी विचारायला गेल्या होत्या. ती राज्य विद्यापीठांतल्या आणि त्यांच्या कॉलेजांतल्या शिक्षकांसाठी, ३० लाखांपर्यंत, तीन वर्षांची होती. आता एसईआरबी जाऊन २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं आहे. अशा अर्जात उपकरणं, मनुष्यबळ, रसायनं, प्रवास, संस्थेचा ओव्हरहेड म्हणजे वरखर्च असे शीर्षवार खर्च प्रत्येक ओळीच्या कारणासकट मांडावे लागतात, प्राचार्यांचं संमतीपत्र लागतं, आणि पैसे आल्यावर वर्षाअखेरीला सरकारी वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र. काकांनी कागद चाळला आणि परत दिला. "ह्या माझ्यान जमाचा नाय. कॉलेजच्या अकाउंटंटाक विचारा." सल्ला अगदी बरोबर होता. सुरुवात करायची असेल तर मुंबई विद्यापीठाचं शिक्षकांसाठीचं मायनर रिसर्च अनुदान रक्कम लहान असली तरी हात बसवायला चांगलं. तेही आपल्या कॉलेजच्या ऑफिसातूनच जातं.

माझा आयसीएसएसआरचा अर्ज गेलाय, निकाल यायचाय. तो आला काय, न आला काय, दुकानाला पाचपैकी चार देते. एक त्या वहीचा कापला.

जाताना मूळ कागद न्या, झेरॉक्सवरून स्कॅन ते करत नाहीत. आधारला जोडलेला मोबाइल चार्ज करून न्या, ओटीपीच्या वेळी बंद पडलेला फोन घेऊन बसलेले लोक तिथं कायम दिसतात. पेनड्राइव्ह त्यांच्या मशीनला लावलात तर घरी गेल्यावर व्हायरससाठी तपासा. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. सकाळी अकराच्या आत गेलात तर वहिनी मोकळ्या असतात. संध्याकाळी पाचनंतर कॉलेज आणि एसटी एकदमच सुटतात. स्कूटर लावायला जागा नाही, मारुती मंदिरलाच लावून चालत जा.