व्हिप स्पायडरचं घर: काचेची टाकी, प्लास्टिकचा डबा की सागाची पेटी?

व्हिप स्पायडर, म्हणजे चाबूककोळी, पाळायचा ठरला की पहिला प्रश्न घराचा. परदेशी माहिती वाचली तर त्यात हीटर, हीट मॅट असं ऊब देणारं सामानच जास्त सापडतं. यवतमाळकडच्या खेड्यात त्याची गरज पडली तर डिसेंबर-जानेवारीतल्या मोजक्या रात्री. आपल्याला निभवायचा असतो तो नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ तापते दिवस: बाहेर पारा ४५ च्या आसपास, हवेत ओलीचा पत्ता नाही, टिनाखालची खोली भट्टीसारखी. आणि या जिवाला हवी असते साधारण २४ ते २८ अंशांची ऊब, ७०-८० टक्के आर्द्रता, अंधार आणि चढायला खडबडीत उभा आधार.

म्हणून तिन्ही घरांना मी दोनच प्रश्न विचारतो. यात मे महिना निघेल का? आणि यात कात नीट टाकता येईल का?

कातीचं आधी सांगतो, कारण त्यात मी एक जीव गमावला आहे. या प्राण्याला विष नाही, तो जाळंही विणत नाही. चालतो सहा पायांवर. पुढचे दोन पाय चाबकासारखे लांब, त्यांनी तो अंधारात चाचपडत वाट काढतो. शेजारच्या आजी दर वेळी विचारतात, "हे चावते काय रे?" तोंडाजवळचे काटेरी हात दाबले तर टोचतील, एवढंच. पण कात टाकताना हा अगदी असहाय असतो. आधाराला उलटा लटकतो आणि जुन्या कातीतून खाली खाली सरकत बाहेर येतो. मोठा झाल्यावरही कात टाकणं थांबत नाही. माझ्या पहिल्या डब्यात मी आधाराची झाडाची साल विंचवासाठी ठेवतात तशी आडवी ठेवली होती. सकाळी टॉर्च मारून पाहिलं तर तो मातीवर पाठीवर पडलेला, अंग पांढुरकं, दुधाच्या सायीसारखं मऊ, आणि तीन पाय अजून जुन्या कातीत अडकलेले. दोन दिवसांनी गेला. लटकायच्या जागेखाली पाय ताणून मावतील एवढी मोकळी जागा असती, तर वाचला असता.

त्यामुळे घर कोणतंही घ्या, ते उभं हवं. मोठ्या जनावरासाठी मी तळ एक फूट बाय एक फूट आणि उंची दीड फूट धरतो. साल मागच्या बाजूला थोडी पुढे झुकलेली लावायची, म्हणजे तिच्या खालच्या अंगाला लटकता येतं. ऐनाची जाड, भेगाळ साल यासाठी उत्तम; पकड चांगली मिळते. ती पडलेल्या लाकडाचीच घ्या, अर्धा तास उकळा आणि पूर्ण वाळवा. फवारणीच्या शेताच्या धुऱ्यावरची साल नको.

आता काचेची टाकी. माशांची जुनी टाकी आडव्याची उभी केली की उघडी बाजू समोर येते, तिला ॲक्रिलिकचं दार बसवता येतं. दिसायला याहून सुंदर घर नाही. रात्री लाल टॉर्चच्या मंद उजेडात सालीवरून सरकणारा चाबूक काचेतून पाहताना वेळ कसा जातो कळत नाही. ओलही छान टिकते. अडचण तिच्या वजनाची आणि हवेची. दारात वर आणि खाली जाळीच्या पट्ट्या ठेवल्या नाहीत तर ऑगस्टमध्ये मातीवर पांढरी बुरशी धरते. साल चिकटवायला बुरशीनाशक नसलेलंच सिलिकॉन घ्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, जनावर आत सोडू नका. आमच्या बोअरच्या पाण्याने फवारा मारला तर महिन्याभरात काचेवर पांढरे डाग बसतात, ते घासूनही नीट जात नाहीत. मी आता पावसाचं साठवलेलं पाणी वापरतो. आणि वीज गेली, कूलर बंद पडला की ती जड टाकी उचलून दुसऱ्या खोलीत नेणं एकट्याचं काम नाही.

प्लास्टिकचा उंच, पारदर्शक डबा, धान्य-डाळी ठेवतात तसला, दिसायला साधाच. पण आपल्या हवेत तोच सगळ्यात जास्त ऐकतो. तापवलेल्या खिळ्याने समोरासमोरच्या दोन बाजूंना भोकं पाडायची, एका बाजूला खाली, दुसऱ्या बाजूला वर, म्हणजे हवा आरपार जाते. भोकांच्या कडा आतून घासून घ्या. पिल्लं असतील तर भोकांवर बारीक स्टीलची जाळी लावा, ती अगदी चिंचोळ्या फटीतूनही निसटतात. मे महिन्यात अर्धी भोकं चिकटपट्टीने बुजवायची, जुलैत उघडायची. हे काचेत इतक्या सहज होत नाही. तळाला तीन बोटं ओला नारळाचा भुसा. भिंती गुळगुळीत असतात, त्यामुळे साल आत पक्की बसवावी लागते. मी बाहेरून दोन ठिकाणी भोक पाडून तारेने आवळतो. डब्यावर ओरखडे पडतात, दोन वर्षांत तो धुरकट दिसतो, हे खरं.

सागाच्या पेटीबद्दल थोडक्यात. सुतारकाकांनी उरलेल्या फळ्यांतून मला फार देखणी पेटी करून दिली होती, समोर सरकती काच. उन्हाळ्यात फळ्या आकसून फटी पडल्या आणि ओल उडून गेली. पावसाळ्यात लाकूड फुगलं, काच अडकली. पुढे कोपऱ्यात उधळी लागली. सदैव ओलं ठेवायच्या घरासाठी लाकूड नको, हे माझं ठाम मत आहे.

नवतप्याची युक्ती माठाचीच. परातीत ओली वाळू, तिच्यावर डबा, भोवती ओला बारदाना, फक्त भोकांच्या जागा मोकळ्या. मातीच्या भिंतीच्या, कवेलूच्या खोलीत उत्तरेच्या कोपऱ्यात ठेवायचा. हवा कोरडी असते म्हणून बारदान्यातलं पाणी झपाट्याने उडतं आणि आतलं तापमान खोलीपेक्षा सहा-सात अंशांनी उतरतं. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा याचा काही उपयोग नाही, उलट बुरशी वाढते. कूलरच्या थेट झोतात मात्र डबा ठेवू नका.

घर कुठे ठेवता हेही तितकंच महत्त्वाचं. ज्या खोलीत मच्छरांची कॉइल किंवा लिक्विड मशीन चालतं, तिथे नाही. त्यातलं औषध कीटकांसाठीच आहे आणि कोळ्यांनाही लागतं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले; मग या एवढ्याशा जिवाची काय कथा. पऱ्हाटीतले टोळ, नाकतोडे पकडून खायला घालू नका. घरीच झुरळं किंवा रातकिडे वाढवा आणि कात टाकायच्या दिवसांत डब्यात एकही ठेवू नका, कारण मऊ अंगाला रातकिडासुद्धा कुरतडतो.

जनावर मात्र पाळणाऱ्याकडे जन्मलेलंच आणा. मेळघाट-ताडोबासारख्या राखीव जंगलातून उचलून आणणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

तेव्हा पहिल्यांदाच पाळत असाल तर प्लास्टिकचा उंच डबा घ्या. त्यात एक पूर्ण उन्हाळा काढा, एक कात डोळ्यांसमोर नीट होऊ द्या. घरात पक्की, थंड खोली असेल आणि इन्व्हर्टर असेल, तर दुसऱ्या वर्षी काचेची टाकी आणा. माझ्याकडे आज दोन्ही आहेत. टाकी बैठकीत असते ती पावसाळ्यापासून होळीपर्यंत. होळी झाली की मी चाबूककोळ्याला सालीसकट डब्यात हलवतो.