लेझीएमसी काही महिने वापरल्यावर: सगळं अडतं ते 25 सेकंदांवर

लेझीएमसी म्हणजे माइनक्राफ्टचा सर्व्हर रिकामा असला की त्याला झोपवणारं आणि कुणी जॉइन केलं की उठवणारं साधन. हे लिहायला निमित्त झालं ते परवा माझा सर्व्हर उठलाच नाही याचं. चौघं जण जॉइन दाबून दाबून कंटाळले. लॉगमध्ये दर वेळी तीच तक्रार: वर्ल्डच्या फोल्डरमधली सेशन.लॉक फाइल आधीच कुणीतरी धरून ठेवली आहे. ते कुणीतरी म्हणजे आदल्या रात्रीचाच जावा, म्हणजे ज्यात सर्व्हर चालतो ती प्रोसेस. तो बंद झालाच नव्हता.

कारण निघालं मॉडपॅकच्या (गेममध्ये भर घालणाऱ्या मॉडच्या तयार संचाच्या) स्टार्ट स्क्रिप्टमध्ये. पॅक अपडेट केला तेव्हा त्यांची नवी स्क्रिप्ट माझ्या जुन्या स्क्रिप्टच्या जागी आली. लिनक्सवर सर्व्हर झोपवायचा असला की लेझीएमसी सिगटर्म, म्हणजे 'बंद हो' असा सिग्नल, पाठवतं, पण तो जातो त्याने स्वतः सुरू केलेल्या प्रोसेसला, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅशला. बॅश लगेच संपतो आणि जावा मागे मेमरी अडवून चालूच राहतो. स्क्रिप्टमध्ये जावाच्या आधी 'एक्झेक' एवढा एक शब्द हवा. मग बॅशची जागा जावाच घेतो, सिग्नल थेट त्याला मिळतो आणि वर्ल्ड सेव्ह होऊन सर्व्हर नीट बंद होतो. लोकांनी रात्र रात्र जागून उभारलेली वर्ल्डं ज्या स्क्रिप्टवर चालतात, तिच्यात हा शब्द का नसावा? याचा मला मनापासून राग आहे.

बाकी मांडणी सोपी आहे. लेझीएमसी 25565 या पोर्टवर ऐकत बसतं, खरा सर्व्हर 25566 वर जातो, सर्व्हर.प्रॉपर्टीज या सेटिंगच्या फाइलमधले बदल ते स्वतःच करतं. मॉड चालवणारं फोर्ज असेल तर त्याची सेटिंग चालू करायची. यादीत नुसतं पिंग केल्याने सर्व्हर उठत नाही, जॉइन केल्यावरच उठतो. उघड्या पोर्टवर स्कॅन करणारे बॉट सतत येतात, म्हणून व्हाइटलिस्टमधल्यांनाच, म्हणजे परवानगीच्या यादीतल्यांनाच, उठवता येईल ही सेटिंग मी पहिल्या दिवसापासून चालू ठेवली आहे. रिकामा झाल्यावर किती वेळाने झोपायचं, हे मूळ 60 सेकंद असतं. ते फारच कमी आहे. कुणाचं नेट क्षणभर गेलं की परत येईपर्यंत सर्व्हर झोपलेला. मी 600 ठेवलं.

आता खरा मुद्दा, ते 25 सेकंद. 'होल्ड' पद्धतीत जॉइन करणाऱ्याला लेझीएमसी धरून ठेवतं आणि सर्व्हर उठला की आत सोडतं. साध्या सर्व्हरवर हे इतकं छान चालतं की सर्व्हर झोपला होता हे खेळणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. पण धरून ठेवायची मर्यादा 25 सेकंदांची, कारण 30 सेकंदांनी गेमच कनेक्शन सोडून देतो. तो आकडा वाढवून काही उपयोग नाही. मॉड लादलेला सर्व्हर एवढ्या वेळात उठत नाही. जुनी मॉड काढली, हीपचे, म्हणजे जावाला दिलेल्या मेमरीचे, आकडे बदलले, प्रत्येक वेळी लॉगमध्ये सर्व्हर उठल्याची 'डन' ही ओळ कधी येते ते बघत बसलो. 25 च्या आत काही आला नाही.

मग 'फ्रीझ' चालू केलं आणि माझं मतच बदललं. यात सर्व्हर बंद होत नाही, सिगस्टॉप या थांबवणाऱ्या सिग्नलने जिथल्या तिथे थिजतो. सर्व्हरची मॅक्स टिक टाइम ही सेटिंग -1 करून ठेवली, नाहीतर उठल्यावर वॉचडॉगला, म्हणजे सर्व्हर अडकलाय का ते बघणाऱ्या भागाला, वाटतं की एकच टिक (गेमची एक पायरी) तासभर अडकली होती, आणि तो सर्व्हर पाडतो. एवढं केल्यावर जॉइन दाबलं की जवळजवळ लगेच आत. दोन आठवडे मी सगळ्यांना सांगत होतो की फ्रीझच वापरा.

ते मत आता राहिलेलं नाही. थिजलेला जावा सीपीयू खात नाही, पण मेमरी तशीच धरून बसतो. माझं मशीन 8 जीबीचं जुनं लॅपटॉप, त्यातले 4 जीबी सर्व्हरला. त्याच मशीनवर घरच्या फोटोंचा बॅकअप चालतो आणि फ्रीझच्या काळात तो मेमरी कमी पडून स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर, रखडायचा. माइनक्राफ्टच्या 1.21.2 पासून रिकामा सर्व्हर आपणहून थांबायची सोय आली आहे, पण तिचंही तेच: टिक थांबतात, मेमरी सुटत नाही. शिवाय आमचा पॅक 1.20.1 चा, त्यात ती नाहीच. मला बचत करायची आहे ती मेमरीची. दिवसातले बहुतेक तास कुणी खेळत नसताना 4 जीबी अडवून ठेवणं मला पटत नाही. आणि सर्व्हर भाड्याचा असून तासावर पैसे जात असतील तर कुठलीही पद्धत घ्या, मशीन चालूच राहतं, भाडं काही वाचत नाही.

म्हणून फ्रीझ बंद, पूर्ण झोप चालू. 25 सेकंद होल्ड, तेवढ्यात नाही उठला तर 'किक', म्हणजे संदेश दाखवून जॉइन करणाऱ्याला बाहेर काढणं. किकचा मूळ मजकूर बदलून मी लिहिलं: "सर्व्हर उठतोय. दोन मिनिटांनी परत जॉइन करा, बंद पडलेला नाही." या एका ओळीने जेवढे फोन कमी झाले, तेवढे कुठल्याच सेटिंगने झाले नाहीत. मागच्या वेळी उठायला किती वेळ लागला होता, तो आकडा त्या संदेशात आपोआप आला तर माझी आणखी काही मागणी नाही.