चेनसॉचा इनटेक रबर : मस्त, फक्त भोक बघून बसवा

आमची ५८ सीसीची चेनसॉ महिनाभर छळत होती, ॲक्सिलेटर सोडला तरी चेन फिरतच राहायची, मेकॅनिक म्हणाला कार्बोरेटरच बदला. मी मशीन थंड असतानाच चालू करून कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या या इनटेक रबराजवळ जरासा कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे) मारला, लगेच आवाज बदलला, म्हणजे हवा तिथूनच ओढत होती. काढून वाकवला तर घडीत नखाएवढी चीर! असं चालवू नका हो, जादा हवेने पिस्टन जाम होतो. हा नवा रबर जाड पण मऊ आहे, अर्ध्या तासात बसला. क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) प्रेशरचं बारीक भोक मात्र रबराचं आणि इंजिनाचं समोरासमोर आणा, त्या प्रेशरनेच पेट्रोल ओढलं जातं, नाहीतर पेट्रोलच ओढणार नाही. आता सोडलं की चेन गप्प उभी. पाकिटात गॅस्केट नव्हतं, वेगळं आणावं लागलं, तेवढा एक स्टार कमी.