चार्टर अंडरकव्हर की टॉरस ८५६?

अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीचं रिव्हॉल्व्हर परवडत नाही म्हणणाऱ्याला दुकानदार बहुतेक हीच दोन नावं सुचवतो. दोन्हींत .३८ स्पेशल काडतुसं लागतात, दोन्हींची नळी दोन इंचांची. १९६४ साली सुरू झालेल्या चार्टर आर्म्सच्या अंडरकव्हरमध्ये पाच काडतुसं बसतात, वजन साधारण ४५० ग्रॅम. ब्राझीलच्या टॉरसची पोलादी ८५६ सहा गोळ्यांची आणि पावणेदोनशेएक ग्रॅमनं जड.

हलकं म्हणजे खिशात सोयीचं, पण धक्का जास्त. त्यामुळे चार्टर घेणारा सराव टाळण्याची शक्यता जास्त, आणि न चालवलेल्या शस्त्राच्या भरवशाबद्दल बोलण्यात काय अर्थ?

दोघांचीही खरी अडचण एकच: नग कसा निघेल याचा नेम नाही. म्हणून ब्रँडपेक्षा हातातलाच नग तपासावा. आधी रिकामं असल्याची खात्री. मग दुकानदाराला विचारून, सिलिंडरवर (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागावर) बोटाचा हलका दाब ठेवून घोडा, म्हणजे मागचा हॅमर, हळूहळू मागे ओढावा. तो अडकण्याआधी सिलिंडर ‘टक्’ करून पक्कं बसलं पाहिजे. काडतुसाच्या प्रत्येक घराला हेच करावं, एकावर भागवू नये. सिलिंडर पुढेमागे खुळखुळत असेल तर सरळ परत द्यावं. प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीवर) घाव नीट बसतो का, हे मात्र रेंजवरच कळतं. रोज जवळ बाळगणार त्याच काडतुसांच्या दोन-तीन पेट्या तरी उडवाव्यात.

चार्टरची एकसंध चौकट मला आवडते. तरी पैसे माझे असतील तर ८५६. त्या जादा वजनामुळेच.