सफरचंदाचे खुंट आणि कंपोस्ट: जुन्या जागेवर कोण कामाला येतं?

आधीची सफरचंदाची झाडं काढून त्याच ओळीत नवी लावली, की रोपं अनेकदा दोन-तीन वर्षं नुसती उभी राहतात. शेंडा खुजा, मुळं तपकिरी, पांढरी तंतुमुळं जवळपास नाहीतच. यामागे कुणी एकटा रोगजंतू नसतो. पिथियम, फायटोफ्थोरा, रायझोक्टोनिया, सिलिंड्रोकार्पन अशी टोळीच असते, आणि बऱ्याच ठिकाणी जोडीला प्रॅटिलेंकस सूत्रकृमी. अशा जागेसाठी पैसे मोजकेच असतील तर ते आधी खुंटावर, म्हणजे ज्या मुळाच्या भागावर हव्या त्या जातीची काडी कलम करतात त्यावर घाला, कंपोस्टवर नंतर.

त्याचं कारण मुळांच्या स्रावात आहे. मुळाला चिकटून कोणते सूक्ष्मजीव राहतील हे बरंचसं त्या स्रावावर ठरतं, आणि स्राव खुंटागणिक बदलतो. कंपोस्टने जिवाणूंची संख्या वाढते, माती भुसभुशीत होते, पाणी धरते. पण हा परिणाम ओसरत जातो. खुंट झाड असेपर्यंत सोबत राहतो.

इंग्लंडच्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्राचा एम. 9 हा खुंट अजून सगळीकडे विकला जातो. झाड बुटकं, फळ लवकर. पण आयुष्यभर आधार लागतो, फायर ब्लाइट (फांद्या करपवणारा जिवाणूजन्य रोग) आणि लोकरी मावा (रस शोषणारी कीड) दोन्ही लागतात, आणि जुन्या जागेवर तो मागे पडतो. एमएम 106 निचऱ्याच्या जमिनीत छान, पाणी साचलं की बुंधा कुजतो. तिथे कंपोस्टचा जाड थर देणं म्हणजे संकटाला आमंत्रण. एमएम 111 दणकट, कोरड सोसणारा, फळाला मात्र उशीर.

जुन्या जागेसाठी पसंती जिनिव्हा मालिकेला, म्हणजे कॉर्नेल विद्यापीठ आणि अमेरिकी कृषी खात्याच्या खुंटांना. जी. 41 पुनर्लागवडीचा त्रास चांगला सोसतो, फायर ब्लाइट आणि लोकरी माव्यालाही दाद देत नाही. खोट एकच, पण मोठी: कोवळ्या वयात कलमाचा सांधा ठिसूळ असतो आणि जोराच्या वाऱ्यात तो सरळ मोडतो. लावल्या दिवशीच काठीला किंवा तारेला बांधा. जी. 935 वर विषाणूमुक्त काडीच बांधलेली हवी, आणि लोकरी मावा त्याला लागतो. थोडं मोठं झाड चालत असेल तर जी. 890 बघा.

आता कंपोस्ट. पिशवीवर ‘सेंद्रिय’ लिहिलंय म्हणून ते पक्व असतं असं नाही. ओलसर कंपोस्ट हवाबंद पिशवीत तीन दिवस ठेवून उघडा; अमोनियाचा किंवा आंबूस वास आला तर परत करा. कच्च्या मालावर पिथियमसुद्धा पोसतो. मग थोडं कंपोस्ट मातीत मिसळून घेवड्याचं बी लावा. पानं वाटीसारखी वळली तर त्यात तणनाशकाचा अंश असण्याची शक्यता आहे. कोंबडीखतापासून केलेलं असेल तर क्षारता तपासून घ्या, कारण सफरचंदाला क्षार सोसत नाहीत.

खड्ड्यात कंपोस्ट भरू नका, फार तर मातीच्या दहाव्या हिश्शाइतकं मिसळा. जास्त घातलं तर ते कुजून खड्डा खचतो आणि रोप खाली जातं. कलमाचा सांधा मातीत गेला की वरच्या जातीलाच मुळं फुटतात, मग खुंटाचे पैसे वाया आणि झाड बुटकं राहत नाही. सांधा जमिनीपासून 10 ते 15 सेंमी वर हवा.

कंपोस्टचं आच्छादन एक मीटर व्यासाचं, 5 सेंमी जाड, बुंध्याभोवती 15 सेंमी मोकळं. इतक्याला साधारण 35 लिटर लागतं, म्हणजे अंदाजे 20 किलो. 40 टक्के ओलावा आणि कोरड्या मालात 1 टक्का नत्र धरलं तर त्यात 120 ग्रॅम नत्र. पहिल्या वर्षी त्यातलं 10 ते 20 टक्केच सुटतं, म्हणजे 12 ते 24 ग्रॅम. ‘जोर दिसत नाही’ म्हणून लगेच दुप्पट टाकलं तर पुढच्या हंगामांत शिल्लक नत्र अंगावर येतं: नुसती पानांची वाढ, फळांचा फिका रंग, फायर ब्लाइटला आयती कोवळी पालवी. स्फुरद साठत गेलं की मायकोरायझा ही मुळांसोबत राहणारी उपयोगी बुरशीही मुळांशी जोड धरायला टाळाटाळ करते. म्हणून दर दोन वर्षांनी माती तपासा, आणि स्फुरद भरपूर निघालं तर कंपोस्ट थांबवून त्याऐवजी लाकडाच्या चिप्स पसरा, मातीत न मिसळता.